भांडी बारा

कमटम मास्तर भिवंडीला लेकाकडे गेले
तेव्हा ओल्या टॉवेलात गुंडाळून हे पिल्लू देऊन गेले.
म्हणाले, मातीला नाही, घशाला पाणी घालायचं.
नाव विचारलं तर ब्रोमेलियाड म्हणाले,
दोनदा म्हणाले, दोन्ही वेळा वेगळं.
मग म्हणाले, अननसाची चुलतबहीण समजा.

अननसासारखं काही दिसलं नाही मला.
पट्ट्यांसारखी पानं, एकात एक बसलेली,
मधे पेला.
मुळं नुसती धरून ठेवायला,
पिणं सगळं वरून.

आमच्या बोळात पाणी पाचव्या दिवशी येतं,
बहुतेक रात्री दोनला.
पाण्याआधी नळातली हवा खाकरते,
तिनेच जाग येते.
बॅरल, घागरी, कळशा, शेवटी कुकरसुद्धा.
मोजून अकरा भांडी.
मग त्याच्या घशात अर्धी वाटी,
हात पुसायच्या आधी.

एप्रिलात पत्रा असा तापला
की पानांची टोकं करपली.
मी ती तिरपी कापली,
चाळीस वर्षं चादरीच्या दशा कापल्या तशी,
आणि झाड जिन्याखाली आणलं,
जिथं शेजारच्या मागाचं कापूस-कूस उडत येतं
आणि ऊन फक्त सकाळी, तेही विचारून.

तीन वर्षं फूल नाही.
मास्तर फोनवर म्हणाले, एक सफरचंद घ्या,
अगदी उतरलेलं. पेला रिकामा करा,
दोघांना एका पिशवीत बांधून ठेवा दहा दिवस.
मी हसले नाही.
रंगाचे हिशेबही ते असेच सांगायचे,
आणि रंग यायचा.
फळवाल्याने डागाळलेलं एक तसंच दिलं,
काय करणार विचारलं, मी म्हटलं, लग्न.

दिवाळीच्या सुमाराला पेल्याच्या तळातून लाल वर आला.
चादरीवरच्या मोराचा लाल नव्हे.
हौदातून सुताची लडी उचलली
की पाणी निथळताना जो दिसतो,
आणि वाळल्यावर जो कुणालाच परत देता येत नाही,
तो.
इथं तो चार महिने राहिला.
मास्तरांना फोटो पाठवला.
त्यांनी उत्तरात काही लिहिलं नाही,
दुसऱ्या दिवशी पुन्हा मागवला.

पावसाळ्यात महापालिकेची मुलगी आली, माशाळ आडनावाची,
डेंग्यूच्या अळ्या शोधत.
बॅटरी बॅरलमध्ये, बॅटरी कूलरमध्ये,
मग जिन्याखाली.
मावशी, हे पण पाणी धरतंय की.
मी कुंडी कलती केली.
मोरीत पडलं ते चहाएवढं पाणी,
एक मुंगी, आणि मागावरचा पिवळा धागा
बोटभर.
अळी नव्हती.
तरी आठवड्याला ओतत जा, म्हणाली,
आणि वाकून पुन्हा आत बघितलं,
कामाचं झाल्यावरसुद्धा.

जाताना दारावर खडूने तारीख लिहिली.
खाली: भांडी १२.

फूल एकदाच येतं याला, हे मला
फूल सुकल्यावर सांगितलं त्यांनी.
आता बाहेरची पानं पुठ्ठ्यासारखी झालीत.
बुडाशी दोन पिल्लं आहेत,
आईच्या तिसऱ्या हिश्शाएवढी झाली की कापायची.
सुरी धुऊन ठेवली आहे.
माप अजून घेतलेलं नाही.

ती वाळते आहे, पण घसा गळत नाही.
परवा नळ आला तेव्हा तिला घातलं,
मग त्या दोघांना, चमच्याने.
दारावरचा खडू तसाच आहे.
पोरगी पुन्हा आली तर
चौदा लिहील.