आडवं चालणं

स्टॅफर्डशरमध्ये होडी तीन दिवसांसाठी भाड्यानं मिळते,
सोबत दोन लाइफ जॅकेट, एक लोखंडी हँडल
आणि एवढीच ताकीद: घाई करू नका.
काठावरून चाललेला एक म्हातारा कुत्रा
आम्हाला मागं टाकून गेला, वळूनही न बघता.

लॉकपाशी विल्फ, निळ्या जॅकेटातला स्वयंसेवक,
चहाचा मग कठड्यावर ठेवून दार उघडायला शिकवतो:
हातांनी नाही. ढुंगण टेकवा, आणि मागं मागं चाला.
दार हलत नाही, हलत नाही,
दोन्हीकडं पाणी सारखं झालं
की शहाण्या बैलागत ऐकतं.

पुलाच्या कोपऱ्यावरच्या लोखंडात
बोट जाईल एवढ्या खोल खाचा.
"दोरानं कापलंय," तो म्हणाला, "ओल्या दोरानं.
घोडा पुढं, चिनीमाती मागं."
त्याची आजी अशाच होडीतल्या फळीवर जन्मली,
कुठल्या गावात ते कुणाला सांगता येईना;
कारकुनानं वहीत पुलाचा नंबर लिहिला.

बोगद्यात घोड्याला वाट नव्हती.
तो टेकडीवरून जायचा,
आणि माणसं फळीवर पाठ टेकून
भिंतीवर पाय देत चालायची
मैल, दीड मैल, आडवी.

हे सगळं मी ऐकलं, सहलीत ऐकतात तसं,
एक डोळा बदकाच्या पिल्लांवर.

बोगद्याच्या मध्यावर आमचं इंजिन खोकलं
आणि गप्प झालं.
हेदर आधी हसली. मग नाही.
थेंब पडत होते, कुठं ते कळत नव्हतं.
मागचं तोंड नाण्याएवढं, पुढचं तांदळाएवढं.

ती काही न बोलता पुढच्या फळ्यांवर आडवी झाली.
मीही. डोक्याला डोकं,
तिचे पाय डाव्या भिंतीला, माझे उजव्या.
विटा गार, बुळबुळीत,
आणि नेमक्या त्या उंचीवर किंचित खोलगट.
टाच तिथं आपोआप बसली.
एक पाऊल. होडी हलल्यासारखी वाटली.
दुसरं.
मग नुसता तिचा श्वास, माझा श्वास,
आणि छताची काजळी सावकाश मागं सरकणारी.
तेरा वर्षांच्या संसारात
आम्ही एका लयीत केलं असेल
तर एवढंच.

बाहेर ऊन. गेरेनियमच्या कुंड्या,
छत्र्या, कुणाचा तरी वाढदिवस,
आईस्क्रीम विकणारी एक पिवळी होडी.
खिडकीतल्या मुलीनं आमच्या बुटांकडं पाहिलं:
"इंजिन बंद पडलं वाटतं?"

"दोन व्हॅनिला," हेदर म्हणाली.
कोन धरलेला तिचा हात स्थिर होता.
मांड्या मात्र अजून चालत होत्या.