आवक क्रमांक दोनशे सतरा

वहीचं पान, दोन्ही बाजूंनी भरलेलं,
समासही न सोडता.
अर्जदार मंदाकिनी गांगुर्डे, राहणार कामटवाडे,
अंबड एमआयडीसीत पॅकिंगला.
मुलगी सध्या बालगृहात, आदेश होईपर्यंत.
विषय लिहिलेला नव्हता.
तो मी घातला, लाल शाईने:
सामाजिक कार्यकर्तीच्या वर्तनाबाबत.

सोळा वर्षं या टेबलाशी बसून एवढं कळलंय
की तक्रार एका दमात आलेली असते
आणि तुकडे आपल्याला करायचे असतात.
तांबट आळीतला माणूस पत्रा कापण्याआधी
खिळ्याने रेघ मारून घेतो,
तशी मी मारते.
रेघेच्या अलीकडचं माझं, पलीकडचं कोर्टाचं.

बाई चपला घालून ओट्यापर्यंत आल्या. माझं.
नवरा कुठं असतो, हे शेजारणीसमोर विचारलं. माझं.
डबे उघडून बघितले.
इथं पेन थांबलं.
अहवालात लिहिलं, 'घरात शिजवलेले अन्न आढळले नाही.' कोर्टाचं.
त्या दिवशी संकष्टी होती साहेब,
चंद्रोदय नऊ अठ्ठावीसला,
बाई आल्या साडेचारला.

चंद्र कुणाचा?
मी तो पलीकडे सरकवला.

मग शलाका निकुंभला बोलावलं.
अठ्ठावीस वर्षांची, अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर,
त्र्यंबकपासून सिन्नरपर्यंत त्रेपन्न मुलं नावावर,
स्कूटीच्या डिकीत फायली आणि स्वेटर.
चपलांचं तिने लगेच कबूल केलं.
शेजारणीचंही, जरा वेळाने.
डब्यांपाशी मात्र खिडकीबाहेर बघू लागली.
"गेल्या वर्षी ओझरला मी डबे उघडले नव्हते, मॅडम.
फार अदबीने बोलले ते लोक. चहा दिला."
पुढचं तिने सांगितलं नाही.
ओझरची फाइल मीच बंद केली होती.

दारापर्यंत जाऊन वळली:
"आणि उपास आईचा होता.
मुलगी सहा वर्षांची आहे."

हे लिहावं तर साक्ष होते,
न लिहावं तर लपवाछपवी.
मी पेनचं टोपण लावलं, काढलं,
पुन्हा लावलं.

उत्तराचा मसुदा तयारच असतो आपल्याकडे,
फक्त नाव बदलायचं:
'प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने
अहवालातील मजकुराबाबत या कार्यालयास
भाष्य करता येणार नाही.'
त्याखाली मी हाताने घातलं,
चपला घालून आत जाणे योग्य नव्हते,
संबंधितांना समज दिली आहे,
आणि तारखेला येताना कॅलेंडर सोबत आणावे.
शेवटचं साहेबांनी खोडलं.

मंदाकिनीबाई उत्तर न्यायला आल्या,
दुपारची पाळी बुडवून.
वाचता वाचता एका शब्दावर बोट टेकलं.
"न्यायप्रविष्ट. म्हणजे आत गेलंय?"
हो.
"बाहेर कधी येतंय?"

खाली पानटपरीवर कुणीतरी मोठ्याने हसलं.
मी हळूच म्हटलं, त्या महिन्याचं पान वकिलांना द्या,
चंद्रोदय छापलेला असतो.
"ते पान फाडलंय. त्याच्यावरच दुधाचा हिशेब होता,
दूधवाला भांडायला लागला म्हणून नेऊन दाखवलं."
किती दूध घेता?
"पाव लिटर. पोरीपुरतं.
मी कोराच पिते."
रोज?
"चौकोनात फुल्या आहेत ना. रोज."

त्यांना अजून कळलं नव्हतं, काय बोलल्या ते.

दूधवाल्याकडून ते पान आणा, मी म्हटलं.
आजच.

हे वाक्य रेघेच्या पलीकडचं होतं.
जावक रजिस्टरला त्याचा क्रमांक नाही.
शलाकाला ते सांगायचं की नाही,
अजून ठरलेलं नाही.
तारीख एकोणीसची आहे.