गुलाबी काडीची गारगोटी

कुरिअरवाला डबी देऊन गेला तेव्हा
शहापुरात लाईट नव्हती.
दुकानाच्या उंबऱ्यावरच उकिडवी बसून
कापूस उलगडला मी.
पाच खडे. जयपूरहून, चौदा दिवसांनी.

बिलावर स्फटिक लिहिलंय. मी गारगोटीच म्हणते.
लहानपणी पांघरुणात शिरून
दोन गारगोट्या एकमेकींवर घासायचो आम्ही,
पिवळा उजेड पडायचा, जळका वास यायचा.
तीच ही. फक्त आत तुरमळीच्या काड्या,
गुलाबी,
खरवसात केशर अडकावं तशा आडव्यातिडव्या.
एका खड्यात तीन. दुसऱ्यात सतरापर्यंत मोजल्या
आणि नाद सोडला.

बाबांनी हे दारातूनच परत केले असते.
डोळ्याला भिंग लावून ते एकच बघायचे, खड्याचं पाणी.
आत काही दिसलं, केसभर जरी,
की खडा पुडीत, पुडी दलालाच्या हातात.
"मळ आहे."
मग चहा, मग हवापाण्याच्या गोष्टी.
चाळीस वर्षं मळ परत पाठवला त्यांनी,
आणि मी आता
मळाचेच पैसे देते, मळाचेच घेते.

नीलव्वा बैलहोंगलहून बसनं आली.
सरकारी दवाखान्यात नर्स होती, गेल्या महिन्यात रिटायर.
स्वतःच्या पैशानं, स्वतःसाठी, पहिल्यांदाच,
हे तिनं चप्पल काढायच्या आधी सांगितलं.
मी मराठीत विचारते, ती कन्नडात सांगते,
ती बेळ्ळी म्हणाली की मी चांदीची पट्टी काढते,
मी पट्टी वाकवून दाखवली की ती मान हलवते.
गुलाबी हा शब्द मात्र
दोघींच्या तोंडात एकाच मापाचा.

खडा तिनं दाराच्या उजेडात धरला.
बराच वेळ.
मग म्हणाली, एक्स-रे.
मांडीच्या हाडात सळी घालतात ना, अक्का,
तस्सं दिसतंय हे.
चालतात की ती माणसं. चांगली चालतात.

कोंदण आधी घडवून घेतलं,
टाकणखार, फुंकणी, कानस, सगळं झालं,
मग खडा बसवला आणि कड दाबत आले.
चौथ्या दाबाला
टक.
एवढासाच आवाज. समोरच्या शिंप्याचं मशीन चालू असतं
तर ऐकूही आला नसता.
भिंग लावलं.
गारगोटी दुभंगली होती,
मळ शाबूत.

त्या रात्री जेवण नीट गेलं नाही. दोन हजारांचा खडा.
बाबा असते तर बोलले नसते, आणि
त्यांचं न बोलणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं.

दुसऱ्या खड्याला मी आधी विचारून घेतलं.
म्हणजे काय, तर
काडी कुठं वर येते ते नखानं शोधलं,
तिथं चांदी थोडी मऊ ठेवली, थोडी उंच,
आणि दाबत गेले समोरच्या अंगानं,
दर दाबाला थांबून,
कुणाची तरी नाडी बघावी तशी.
बसला. मी मात्र
कितीतरी वेळ अंगठा उचलला नाही.

शनिवारी नीलव्वा आली. आरशात बघितलं,
मग आरसा बाजूला ठेवून नुसतं बोटांनी.
पावतीवर छापलेलं सगळं कन्नडात,
खाली माझं अक्षर, बाबांच्या वळणाचं.
वजन लिहिलं, तेरा ग्रॅम चाळीस. मजुरी लिहिली.
खड्याच्या रकान्यापाशी अडले.
तुरमळी लिहिलं, खोडलं.
गारगोटी लिहून एवढे पैसे कसे मागायचे?
बरी गुलाबी, ती म्हणाली.
तिच्या भाषेत ते लिही झालं, आणि माझ्या भाषेत
बरी.
लिहिलं.

पदक तिनं पदराखाली सरकवलं,
बसला गर्दी असते म्हणून.
फुटका खडा बाबांच्या गुंजांच्या डबीत आहे,
लाल बियांत.
गुरुवारी दलाल येतो.
त्याला चहा द्यायचा. डबी दाखवायची नाही.