छत्तीसचा आकडा

सोमवारी फाईल आली. अशासकीय विधेयक.
राज्याने स्वतःचं सोनं साठवावं,
त्याच्या जोरावर स्वतःचं चलन काढावं.
कलमं अकरा, उद्देश व कारणे दीड पान,
त्यात होन तीनदा, शिवराई दोनदा,
रिझर्व्ह बँक एकदाही नाही.

रेगे साहेब म्हणाले, मुणगेकर, दोन ओळींत संपवा.
नाही म्हणा आणि चहा घ्या.

नाही म्हणायला दोन ओळी पुरतात खऱ्या.
सातवी अनुसूची, यादी पहिली, नोंद छत्तीस:
चलन, नाणी, विधिमान्य चलन.
पहिली यादी दिल्लीची. आपल्या यादीत
पोलीस, दफनभूमी, जत्रा, गुरांचे कोंडवाडे.
राज्याचा आणि रुपयाचा
घटनेनेच छत्तीसचा आकडा लिहून ठेवलाय,
ह्यावर मी एकटीच हसले
कक्षात, साडेबारा वाजता.

मग पेन थांबेना.
राज्य सोनं विकत घेऊ शकतं? शकतं.
तिजोरीत ठेवू शकतं, तोलून पावती देऊ शकतं.
पण त्या पावतीवर
‘धारकास, मागताक्षणी’ हे तीन शब्द लिहिले
की हात कायद्यात अडकतो.
आणि भाजीवालीने ती घेतलीच पाहिजे
असं म्हणता येत नाही,
आणि म्हणता येत नसेल
तर तो नुसता कागद, सोनं कितीही खाली असो.
पान नऊ झालं. चहा निवला.

साडेपाचला बाहेर पडले.
टांकसाळीच्या भिंतीला लागून चालले,
पलीकडे रिझर्व्ह बँकेचा उंच मनोरा,
आत म्हणे वचनं छापायचा निर्णय होतो.
माझ्या पर्समध्ये त्यातलं एक, शंभराचं,
पंधरा भाषांच्या उतरंडीत
मराठी आठवी, मल्याळमच्या खाली, नेपाळीच्या वर.
आपल्या वाट्याला तेवढी एक ओळ.

आणि दुसऱ्या कप्प्यात पोतदारांची चिठ्ठी.

झवेरी बाजार. अरुंद जिना, पंखा, दगड.
पोतदारांनी चष्मा कपाळावर ढकलला.
दोन पाटल्या, सव्वाचार तोळे, बावीस कॅरेट,
शलाकाच्या नर्सिंगच्या फीपायी, मागच्या जूनमध्ये.
व्याज भरलं, चिठ्ठीवर नवी तारीख पडली,
आणि तेव्हाच लक्षात आलं:
सोन्याचं पाठबळ असलेला कागद
वर्षभर मीच पर्समध्ये घेऊन फिरतेय.
फक्त माझं नाव आहे त्यावर, म्हणून कायदेशीर.

विचारलं, उद्या राज्याने सोन्याची नोट काढली तर घ्याल?
ते हसले नाहीत. त्यांचे पूर्वज
कुठल्याशा संस्थानात नाणी पारखायचे,
प्रत्येक गावच्या रुपयाला निराळा बट्टा.
म्हणाले, बाई, आणलेलं सोनं मी दगडावर घासतो.
कागद कशावर घासू?

खाली गल्लीत एक माणूस
गटाराच्या काठची धूळ कुंच्याने गोळा करत होता,
कारागिरांच्या खोल्यांतून वाहून आलेली.
धुऊन, गाळून, चाळून
महिन्याला थोडंसं निघतं म्हणाला.
त्याला कुणाची परवानगी लागते
हे विचारायचं मी टाळलं. सवय वाईट.

कोपऱ्यावर लिंबू सरबत घेतलं,
दहाचं नाणं पुढे केलं.
नको ताई, हे पुढे कोणी घेत नाही.

विधिमान्य चलन. नोंद छत्तीस.
त्याच भिंतीआड पडलेलं असेल कदाचित,
सिंहासकट, खणखणीत.
नऊ पानं जिभेवर आली होती.
त्याच्या मागे चार जण उभे होते, बर्फ वितळत होता.
मी नाणं परत पर्समध्ये टाकलं
आणि फोनवरून दहा रुपये पाठवले,
ज्यांना ना वजन, ना आठवी ओळ.
डबीतून बाई बोलली: प्राप्त झाले.
त्याने मान हलवली.

मंगळवारी अभिप्राय गेला. दोन ओळी.
नऊ पानं माझ्या खणात आहेत,
पाटल्या पोतदारांच्या.