बेचाळीस फुटांवर

दुर्गप्पा बंदपट्टे ओल्या टॉवेलात बांधून आणतो
मुठीएवढा काळा दगड,
मधून गेलेली पांढरी रेघ.
"बाई, चांदी हाय का बघा.
वळसंगच्या हिरीत, बेचाळीस फुटांवर."

मी भिंग शोधते.
मेक्सिकोत तेरा वर्षं ते गळ्यात असायचं,
आता शिवणाच्या डब्यात असतं.

तिथली रेघ अशी एकटी नसायची.
थरावर थर, दुधी, राखाडी, पुन्हा दुधी,
मधेच काजळाचं बोट ओढावं तसा काळा पट्टा.
चांदी तिथं. गंधकाला बिलगून काळी पडलेली.
लखलखतं ते बहुतेक फसवतं.

"पर जमिनीत चांदी ठेवतं कोण?"

तांब्याचा बंब आठव, म्हटलं,
सोलापूरचं पाणी, आतून धरलेला क्षार.
खाली तापलेलं पाणी भेगेतून वर चढतं,
त्यात सोनं, गंधकाचा हात धरून.
वर आलं की दाब सुटतो, पाणी एकदम उकळतं,
गंधक वाफेबरोबर निघून जातो
आणि सोनं तिथंच बसतं,
शेवटची एसटी चुकलेल्या माणसासारखं.
त्याच घाईत कॅल्साइटची पातळ पानं उगवतात.
मागाहून गारगोटी येते, पानं खाते,
आकार तेवढा ठेवते.
असे दगड मी पेट्यांत भरले, नंबर घातले.
पगार सोन्यात नव्हता.

"मग हितं?"

इथं नुसता लाव्हा. निवताना बुडबुडे राहिले,
त्यांत कोमट पाणी शिरलं, निवांत,
पण सोबत ना सोनं होतं ना चांदी.
ही गारगोटी. हा गुलाबी, स्टिलबाइट.
सराफ कट्ट्यावर याला कुणी विचारणार नाही.

तो हसत नाही, खट्टूही होत नाही.
"पांढरं लागलं की पाणी जवळ,
आमचा बा म्हणायचा.
चांदीचं आपलं विचारून ठेवलं."

भिंग त्याच्या डोळ्याशी धरते.
श्वास रोखून तो बराच वेळ बघतो.
"आत घर हाय की बाई. रिकामंच."

मग टॉवेल झटकत,
"उद्या सुरुंग कुठं लावू?
रेघ उगवतीला वळलीया."

इंजिनियर हेच विचारायचे,
मी नकाशावर पेन्सिल टेकवायची, छातीठोक.
रेघेमागं जा, म्हणते आता,
लागेलच असं नाही.

"ते आमाला म्हाईत हाय," तो म्हणतो
आणि दगड घेऊन जातो.
तपासायच्या पेपरांवर
काळी कच पडलेली,
एका पोराच्या उत्तरावर, नेमकी
"सोने कोठे सापडते" याच्या खाली.