समास

कर्वेनगरातल्या दोन खोल्यांत
आम्ही एक खेळ रचला. नाव 'विसर्ग'.
चार धरणं, सहा दारं, एक नदी,
आणि खाली पुलाशी
निळ्या लाकडी सोंगट्यांचं गाव.
पाणी कधी सोडायचं, एवढंच ठरवायचं.
तरी नियम चोवीस पानं झाले.

आता पेटीवर छापायच्या त्या काळ्या ठिपक्यांच्या चौकोनामागे
काय ठेवायचं, यावरून
मृण्मयी आणि मी अकरा दिवस बोलत नाही.
म्हणजे बोलतो, कामापुरतं.

ती म्हणते, वेब.
फोन हातात असतोच, पान फोनच्या मापाचं होतं,
'पूर' टाइप केलं की पूर समोर येतो,
चुकलं तर रात्रीत दुरुस्त.
तुझी पीडीएफ म्हणजे दोन रकान्यांचा झोपाळा:
मोठं करा, डावीकडे सरकवा,
उजवीकडे सरकवा,
आपण कुठे होतो ते विसरा.

मी म्हणतो, पीडीएफ.
पान चौदा हे चौदाच राहतं.
त्यावर बोट ठेवून भांडता येतं.
पानशेतच्या मागे, जिथे रेंजची एक काडी दिसत नाही,
तिथेही ती उघडते.

मग तिने माझ्याच संगणकावरची रांग मला वाचून दाखवली:
विसर्ग_अंतिम,
विसर्ग_अंतिम_२,
विसर्ग_खरंच_अंतिम,
विसर्ग_हीच_घ्या.
मी चहा टाकायला उठलो.

आमची पत्ती कापून देतात ते चिंचोरे
एके काळी नारायण पेठेत खिळे जुळवायचे.
कटरवरून मान न काढता म्हणाले,
"छापलेली चूक निदान जागेवर सापडते."
"आणि जागेवरच राहते," मृण्मयी म्हणाली.
"तेच म्हणतोय मी."
कोणाच्या बाजूने, ते त्यांनी सांगितलं नाही.

बुधवारी रात्री तिने वेबवरचा नियम नऊ बदलला.
आधी भरलेलं धरण
वरून आलेलं पाणी एकदा नाकारू शकत होतं.
आता नाही.
एक ओळ. मला सकाळी सांगणार होती.

रविवारी एरंडवण्यातल्या हॉलमध्ये दोन टेबलं मांडली.
पहिल्यावर फोन. वीस मिनिटांत गाव बुडालं.
दुसऱ्यावर झेरॉक्सवाल्याकडून काढून आणलेली प्रत.
गाव कोरडं, खेळणारे वडापाव खातायत.
मग दोन्ही टेबलं एकमेकांना
नियम नऊ मोठ्याने वाचून दाखवू लागली.
दोन्हीकडे शब्द आमचेच होते.

ती प्रत ओवी शिळीमकरची.
दहा वर्षांची, धायरीहून आलेली.
कोपऱ्यात एकच पिन, तीही गंजलेली,
पान तीनवर तेलाचा अंगठा.
तिने नियम नऊ पेन्सिलीने खोडला होता,
माझाही आणि मृण्मयीचाही,
आणि समासात, जागा पुरेना म्हणून
ओळ वर वळवत नेत लिहिलं होतं:
*आमच्या घरी असं नाही.
आधी गावाला विचारायचं.*

मी विचारलं, गाव म्हणजे सोंगट्या ना?
त्यांना कसं विचारता?
ती म्हणाली, "एकजण गाव होतो.
आमच्यात आजोबा होतात.
ते कधीच हो म्हणत नाहीत."

परतताना म्हात्रे पुलावर मृण्मयीने गाडी हळू केली.
खाली नदी नेहमीसारखी,
म्हणजे फारशी नाही.
"ठिपके वेबवर नेऊ," मी म्हणालो.
"खाली तारीख टाकू, काय बदललं ते लिहू," ती म्हणाली,
"आणि छापायची प्रतही ठेवू."
कोणी हरलं असं वाटलं नाही,
कोणी जिंकलं असंही.

रात्री फाइल उघडली.
बाहेरचा समास बारा मिलिमीटर होता,
तो पस्तीस केला.
मजकूर आत सरकला, ओळी मोडल्या, आकृत्या खाली गेल्या,
चोवीसची एकतीस पानं झाली.

पान चौदा आता अठरा आहे.