पंचमीचा प्रत्यय

निरोपाला शाल मिळाली, नारळ मिळाला,
आणि सोलापुरात राहणाऱ्या बाईला सोलापुरी चादर.
वजन एक किलो आठशे.
मुख्याध्यापक म्हणाले, प्रवासात उपयोगी पडेल.
प्रवास वर्षभराचा. पिशव्या दोन.
चादर गादीवर पसरलीय,
तिच्यावर एकेक वस्तू मांडतेय
आणि परत उचलून ठेवतेय.

घ्यायचं: गोळ्यांचा डबा, चष्मे दोन,
शेंगाचटणी पाव किलो. नाही, अर्धा.
कडक भाकरी. गुवाहाटीपर्यंत टिकते म्हणे.
हे सांगणारी यल्लव्वा
कुर्डुवाडीच्या पुढे कधी गेलेली नाही.
खडूची पेटी घेतली होती.
काढली.

एकतीस वर्षं पूर्व भागातल्या शाळेत
मी विभक्ती शिकवली.
खिडकीबाहेर मागांचा खडखडाट,
त्याच्यावर माझा आवाज.
तो घरी येतानाही सोबत यायचा.
ह्यांनी एकदा विचारलं होतं, भांडतेस का?
आता हे नाहीत.
आता घरात मी हळू बोलते, कोणाशी कोण जाणे.

घरी तेलुगू, गल्लीत कन्नड,
दुकानात दख्खनी बोलणारी पोरं
माझ्यापुढे मराठीत उभी राहायची,
नवे बूट घालून उभं राहावं तशी.
प्रथमा, द्वितीया मागाच्याच ठेक्यात म्हणायची.
सप्तमी चटकन जमायची: घरात, शाळेत, दारी.
पंचमीला गाडी अडायची.
ऊन, हून. अर्थ: वियोग.
"बाई, ऊन म्हणजे?"
पत्र्याखाली, चव्वेचाळीस अंशांत,
प्रश्न रास्तच होता.
मी सांगायचे,
जिथनं निघायचं, त्या शब्दाला लागतं ते.
आणि घंटा व्हायची.

काल रद्दीवाल्याच्या काट्यावर
माझं कपाट चढलं. बावीस किलो.
गठ्ठ्यातून एक वही घसरली.
नागमणी गुंडेटी, सातवी ब.
पंचमीचा वाक्यात उपयोग करा:
आई घरून विड्या नेते.
भाऊ माझ्याहून उंच आहे.
बाई सोलापुरहून कधीच जात नाहित.

शेजारी माझी लाल शाई.
पूर दीर्घ. ही दीर्घ.
तीनपैकी दोन गुण.
वाक्य खरं आहे का,
हे तपासायचं तेव्हा सुचलं नव्हतं.
पुढे आठवीत ती आलीच नाही.
चौकशी केली होती मी, एकदा. एकदाच.

रद्दीवाला म्हणाला, ही पण टाकू?
टाक म्हटलं, आणि तेवढं पान फाडून घेतलं.
वहीची पानं फाडणाऱ्यांना
मी एकतीस वर्षं बाकावर उभं केलंय.

आज पाण्याचा चौथा दिवस.
रात्री दोनला नळ खाकरला.
उठले. टाकी, पिंप, घागर, दोन्ही कळश्या,
पातेली, तांब्या, चहाचं भांडंसुद्धा.
सगळं काठोकाठ भरल्यावर आठवलं,
सकाळी सहा चाळीसची गाडी.
वर्षभर हे कोण पिणार?
आणि ओतून द्यावं
तर ह्या गावात हात धजत नाही.

यल्लव्वाला हाक मारली.
तिच्याकडेही तांब्यापर्यंत सगळं भरलेलं.
मग दोघी पायरीवर बसलो, ओल्या पायांनी.
फरशी अजून दुपारच्या उन्हानं गरम.
ती म्हणाली,
"बाई, तिकडं पाणी रोज येतंय व्हय?"

एकतीस वर्षांत माहीत नाही असं
मी कुणाला म्हटलं नव्हतं.
येत नसलं तरी काहीतरी सांगायचे.

"माहीत नाही गं," म्हटलं.
"बघून कळवते."